मिक्सरमागची नोकरी

बारावीचा निकाल लागला की शिरगावातल्या आमच्या सोसायटीत कुणीतरी आई मुलाला घेऊन माझ्याकडे येते. मुलगा गणपतीत मंडपाचं साउंड सांभाळतो, हेडफोन मानेवरून उतरत नाही. "ताई, ह्याला तुमच्यासारखं युनिव्हर्सिटीत चिकटायचंय." मुलाच्या हातात तोवर कुठल्यातरी खासगी संस्थेचं गुळगुळीत माहितीपत्रक असतं, वर लांबलचक मिक्सिंग कन्सोलचा फोटो आणि आत लाखांतली फी. मी पहिल्यांदा विचारते ते आवाजाबद्दल नसतंच. पदवी कुठली घेणार, एवढंच विचारते. मुलाचा चेहरा पडतो.

असाच एक कोर्स मीही केला आहे. शिकवलं चांगलं, हे आधीच सांगते. माइक कुठे ठेवायचा, लेव्हल किती राखायची, हे तिथेच हाताला लागलं. पण प्रमाणपत्रावर "आंतरराष्ट्रीय मान्यता" असं सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं, आणि एका विद्यापीठातल्या ध्वनिमुद्रकाच्या जागेसाठी मी ते अर्जाला जोडलं, तेव्हा छाननीतल्या बाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला. यूजीसी नाही, एआयसीटीई नाही, राज्य तंत्रशिक्षण मंडळ नाही. कागद बाजूला गेला. मी केलेलं एकही रेकॉर्डिंग कुणी ऐकलं नाही, ऐकायची वेळच आली नाही. पुढे दुसरीकडे मला आत घेतलं ते फिजिक्समधल्या बी.एस्सी.मुळे. ती पुरी करून घेतली वडिलांनी. ते अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. त्यांच्या मते जगात पर्मनंट आणि टेंपररी एवढ्या दोनच जाती, आणि विद्यापीठाच्या कारभारात ते म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

शिकवायचं असेल तर एक गोष्ट आधी समजून घ्या. सहायक प्राध्यापक व्हायला पदव्युत्तर पदवीला 55 टक्के (राखीव प्रवर्गांना सवलत आहे) आणि नेट किंवा सेट लागते, नाहीतर पीएच.डी. नेटच्या विषयांच्या यादीत संगीत आहे, पत्रकारिता व जनसंवाद आहे, नाट्य-नृत्याचा विषय आहे, इलेक्ट्रॉनिक सायन्स आहे, भाषाशास्त्र आहे. ध्वनिमुद्रण नाही. म्हणजे आवाजाचं काम करणाऱ्याला दुसऱ्या कुठल्यातरी विषयाच्या घरी राहावं लागतं. ते घर विशीतच निवडलेलं बरं, कारण तिशीत पुन्हा एम.ए.च्या वर्गात बसायला नोकरी सोडावी लागते आणि घरचे हप्ते थांबत नाहीत.

ही घरं वाटतात तितकी परकी नाहीत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं, त्यात गावोगावच्या माणसांना बोलतं करून त्यांचे आवाज नोंदवले. हे भाषाशास्त्रज्ञांचं काम, पण माइक हातात धरल्याशिवाय होत नाही. आयआयटी मुंबईत प्रीती राव यांच्या प्रयोगशाळेत हिंदुस्थानी संगीताच्या आणि बोलण्याच्या ध्वनीचं विश्लेषण चालतं, तिथे इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगच्या वाटेनं जाता येतं. संगीताच्या घरातूनही वाट आहे: मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक अशोक रानडे गायक होते आणि अभ्यासकही.

पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेचं नाव प्रत्येक मुलगा घेतोच. तिथेच शिकलेल्या रसूल पूकुट्टींचं ध्वनीसाठीचं 2009 चं ऑस्कर सगळ्यांना पाठ असतं. जरूर प्रयत्न करा. 1960 पासून प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारात चालणारी ही संस्था, ध्वनी हा तिथला स्वतंत्र अभ्यासक्रम, आणि 2025 साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जाही मिळाला. पण जागा मोजक्या आहेत आणि प्रवेश पदवीनंतर. बारावीला फिजिक्स असण्याची अट तिथे वर्षानुवर्षे राहिली आहे, म्हणून आवाजाचं वेड असलेल्या मुलाने दहावीनंतर घाईत फिजिक्स सोडू नये. यंदाची अट यंदाच्या माहितीपत्रकातच पाहा, माझ्या तोंडची नको.

तंत्रज्ञ म्हणून जायचं असेल तर रांग वेगळी. 15 ऑगस्ट 1984 ला यूजीसीने दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा शैक्षणिक कार्यक्रम सुरू केला. त्या प्रकारचे कार्यक्रम बनवण्यासाठी विद्यापीठांतून माध्यम केंद्रं उभी राहिली, त्यातलं एक पुणे विद्यापीठात आहे. शिवाय पुण्याचं विद्यावाणी, मुंबई विद्यापीठाचा मस्ट रेडिओ अशी सामुदायिक केंद्रं आहेत. कामं आहेत, मंजूर पदं मात्र थोडी, आणि माणूस निवृत्त झाला की जागा कधी भरतील ते देव जाणे. मधल्या काळात अकरा महिन्यांचा करार, एकत्रित मानधन, एक दिवसाचा खंड, पुन्हा करार. मी अशा करारावर काम केलं आहे. करार वाईटच असतो असं नाही, हात तयार होतो. पण दर कराराअखेर अनुभवाचा दाखला मागून घ्या, आणि त्यात पदाचं नाव, तारखा, पूर्णवेळ की तासिका तत्त्वावर, मानधन किती, हे सगळं असू द्या. एका ठिकाणी मला नुसतं "समाधानकारक काम केले" एवढंच लिहून मिळालं. पुढच्या छाननीत त्या सगळ्या काळाची किंमत शून्य धरली गेली.

आता कामाविषयी. ज्यांना गाणी रेकॉर्ड करायची आहेत त्यांनी मुंबईत स्टुडिओ धरावा. विद्यापीठात मुख्यतः व्याख्यानं असतात. सरांचा कॉलरमाइक कुडत्याला घासतो, पंखा घरघरतो, आणि अर्थिंग नीट नसेल तर सगळ्याखाली 50 हर्ट्झचा 'हम्' सतत वाजत राहतो. दुसरं मोठं काम जुन्या टेपांचं. आणि खरं सांगायचं तर मला जडलेलं व्यसन तेच.

कॅसेट आली की ती लगेच संगणकात चढवायची नसते. मूळ मशीनचा हेड किंचित तिरपा असेल, तर आपल्या मशीनवर तोच आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. प्लेबॅक हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. दोन्ही चॅनल मोनो करायचे, हेडफोन लावायचे आणि तो स्क्रू केसभर फिरवत ऐकायचं. एका क्षणी 'स' आणि 'श' उघडतात. टाळांची किनार दिसायला लागते. तिथेच थांबायचं. हे न करता चढवलेली फाइल नंतर कितीही इक्वलायझर लावला तरी पुरती सुधारत नाही. मग 24 बिट, किमान 48 किलोहर्ट्झ, जमलं तर 96. एक प्रत इथे, दुसरी दुसऱ्या इमारतीत. आणि मूळ प्रतीवर नॉइज रिडक्शन अजिबात नाही.

हे शेवटचं मुलांना पटत नाही. त्यांना मी जात्यावरच्या ओव्यांचं उदाहरण देते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि 1990 च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्यासोबत त्यांतल्या कितीतरी बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. आज त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात ऐकता येतात. आता जात्याची घरघर हा गोंगाट की संगीत? सॉफ्टवेअरला विचाराल तर ते जातं पुसून टाकेल, आणि ओवीची लय ज्या फेऱ्यावर बसली आहे तो फेराच जाईल. काय ठेवायचं हे ठरवायला कान लागतो, आणि त्या बाईच्या जगण्याची थोडी माहिती.

मुलींच्या आयांना वेगळं सांगते. रात्रीचे कार्यक्रम असतात, कार्यक्रम संपल्यावर केबल गोळा करायला तास जातो आणि शेवटची लोकल थांबत नाही. मुलाखतीतच गाडीची सोय विचारावी. त्यात संकोच नको. मला विचारायला कुणी शिकवलं नव्हतं, कल्याणच्या फलाटावर बसून शिकले.

मुलाखतीला स्वतः मिक्स केलेलं गाणं घेऊन जाऊ नका, तशी शंभर येतात. आपल्या आसपासच्या आगरी गावांत लग्नाला अजून धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणणारी धवलारीण बोलावतात. तुम्ही तिथे डीजे लावायला जाताच, तर तासभर आधी जा, तिची आणि घरच्यांची परवानगी घ्या, आणि एकही बटण न वाढवता तिचे धवळे नोंदवा. सोबत एक पान जोडा: गाव, तारीख, कोण गातंय, कुठला माइक, किती अंतरावर, मागे काय वाजत होतं, परवानगी कुणी दिली. आमच्याकडे उमेदवार तपासताना मी फाइल नंतर ऐकते, आधी ते पान वाचते.