रूपककथा आणि संकटकाळ

संकटाच्या दिवसांत कल्पित गोष्टीचा उपयोग तो काय, असें नववीच्या वर्गांत एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें. तो अकोला जिल्ह्यांतील कास्तकाराचा मुलगा. २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें वऱ्हाडांतील कपाशी खाल्ली, त्या वर्षाचें कर्ज त्याच्या घरीं अद्याप बोललें जातें. प्रश्न वादासाठीं नव्हता.

त्या तासाला 'यात्रिकक्रमण' चाललें होतें. विनापरवाना उपदेश केल्याबद्दल १६६० पासून सुमारें बारा वर्षें कैद भोगलेल्या जॉन बनियनचें हें रूपक १६७८ त प्रसिद्ध झालें. हरि केशवजी यांनीं १८४१ त तें मराठींत आणिलें. त्यांत यात्रिक व त्याचा सोबती संशयाच्या किल्ल्यांत अडकतात. किल्ल्याचा धनी निराशा नामक राक्षस. तो त्यांस उपाशी ठेवितो, मारितो, आणि शेवटीं म्हणतो कीं, आपला जीव आपणच द्या. यात्रिकाचें मन डळमळतें. येथें सोबती काय बोलतो तें सावकाश वाचावें. सुटका खास होईल, असें तो म्हणत नाहीं. राक्षस मरेलही, एखादे दिवशीं कुलूप लावावयास विसरेलही, कोणास ठाऊक. तर आणखी थोडें थांबूं, इतकेंच म्हणतो. किल्ली यात्रिकाच्या उराशींच होती. थांबला म्हणून ती त्यास आठवली.

मात्र रूपककथा सावकाराचें व्याज कमी करीत नाहीं, कीं कपाशीस भाव देत नाहीं. त्यास कायदा, पीकविमा व सहकारी संस्थाच पाहिजेत. गोष्ट सांगून जो शिक्षक हें टाळतो तो मुलांस फसवितो.

मग गोष्ट कशास? आमच्या अमरावती जिल्ह्यांत रिद्धपूर हें महानुभावांचें तीर्थ आहे. चक्रधरस्वामींचे दृष्टांत केशिराजबासांनीं 'दृष्टांतपाठां'त संग्रहित केले. तेथें दृष्टांतामागून दार्ष्टांतिक येतें. हत्ती म्हणजे काय, त्यास चाचपणारे आंधळे कोण, हें उलगडून सांगितलेलें असतें. दार्ष्टांतिकावांचून दृष्टांत हें नुसतें नवल होय. परंतु आपल्या घरच्या संकटाचें दार्ष्टांतिक कोणी ग्रंथकार लिहून ठेवीत नाहीं. तें वाचणारानेंच लिहावयाचें असतें. (अमुक पात्र म्हणजे अमुक गुण, एवढेंच परीक्षेसाठीं घोकविण्याचा दोष आमच्याकडूनही घडला आहे.)

म्हणून आम्हीं त्या विद्यार्थ्यास उत्तर न देतां वही पुढें केली. राक्षसासमोर त्यानें काय लिहिलें तें येथें देत नाहीं. सोबत्यासमोर त्यानें आपल्या आईचें नांव घातलें, व किल्लीपुढील जागा मोकळी ठेविली.