परिषदेत भाषण नको, हाताला काम द्या

प्रश्न : संग्रहालय परिषदेसाठी सहभागात्मक प्रशिक्षण सत्र सुचवायचे आहे. प्रस्तावात काय लिहू? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : 'चर्चा होईल' एवढ्यावर भागत नाही, मंडळी नेमके काय करतील ते लिहा. विषय घरचाच घ्या: ठाण्यात सापडलेला शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट, शके ९३९, म्हणजे इ. स. १०१७चा. त्याचे छायाचित्र टेबलावर ठेवा आणि सातवीच्या मुलाला कळेल अशी ४० शब्दांची माहितीपाटी प्रत्येक गटाकडून लिहून घ्या. मग पाट्यांची अदलाबदल. दुसऱ्या गटाने मोठ्याने वाचायची. अडखळले, तिथे खाडाखोड. (भल्याभल्या जाणकारांची इथेच फे-फे उडते!) तुमचे प्रास्ताविक १० मिनिटांत आटपा. गोल टेबले प्रस्तावातच मागून ठेवा. सभागृहातल्या खिळवलेल्या खुर्च्या ऐनवेळी हलत नाहीत.