लिंक ओळखीच्याने पाठवली, पण ॲप कोणाचं?

या वेळच्या टपालात पेठ तालुक्यातली पत्रं जास्त आहेत आणि ती जवळजवळ सगळी एकाच गोष्टीभोवती फिरतात. आपल्याकडे ॲप कोणी शोधून घेत नाही. ते भाच्याकडून येतं, बचत गटातून येतं, द्राक्षबागेवरच्या टोळीतून येतं, नाहीतर मोबाइलच्या दुकानातून. त्यात वाईट काही नाही. नाशिकहून पेठला येणाऱ्या रस्त्यावर घाटात रेंज जाते-येते, तिथे शंभर ॲप चाळत बसायला वेळ कोणाकडे आहे? फक्त ॲपचं नाव माणसाकडून घ्यायचं की ॲपची फाइलच त्याच्याकडून घ्यायची, यात मोठा फरक आहे. आजची बहुतेक उत्तरं त्या फरकाचीच आहेत.

शंका : मित्राच्या फोनमधून ई-पीक पाहणीचं ॲप ब्लूटूथने घेतलं. माझ्या फोनवर 'ॲप इन्स्टॉल झालं नाही' एवढंच येतं. तिसऱ्या एकाच्या फोनवर मात्र तेच बसलं. आमच्या पाड्यावर नेट नाही. काय करू? (शेतकरी, करंजाळी परिसर)

तुमच्या फोनमध्ये दोष नाही. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर येणारी नवी ॲप एका सलग फाइलीच्या रूपात ठेवली जात नाहीत. स्टोअर तुमच्या फोनचा प्रोसेसर, पडद्याचा आकार आणि भाषा बघून लागतील तेवढेच तुकडे पाठवतं. मित्राच्या फोनमधून उचललेली फाइल ही त्याच्या फोनापुरती कापलेली असते. त्याच जातीचा फोन असला तर ती बसते, नाहीतर नाही. शेजाऱ्याने दिलेलं नागलीचं बियाणं तुमच्या माळावरही उगवतं. ॲपचं तसं होत नाही.

दुसरं कारण ई-पीक पाहणीचं स्वतःचं आहे. हा उपक्रम १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाला. त्यानंतर ॲपच्या आवृत्त्या बदलत गेल्या आणि आता 'डीसीएस' नावाची आवृत्ती वापरायची असते. मित्राकडची फाइल गेल्या हंगामातली असेल, तर ती बसूनही उपयोग नाही.

प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोच्या गोलावर दाबून 'ॲप आणि डिव्हाइस व्यवस्थापित करा' मध्ये गेलं की काही फोनांत 'ॲप शेअर करा' असा पर्याय दिसतो. दोन फोन शेजारी ठेवून, नेट न वापरता ॲप देता येतं. त्यात स्टोअर स्वतः तपासणी करतं आणि पुढे नेट मिळालं की अपडेटही येतात. हा पर्याय दिसत नसेल, तर बाजाराच्या दिवशी पेठला आलात की एकदाच स्टोअरमधून ॲप उतरवा. पिकाचा फोटो शिवारात रेंज नसतानाही काढून ठेवता येतो, माहिती नंतर रेंजमध्ये आल्यावर पाठवता येते.

आणि खरं सांगायचं, तर तुम्हाला ॲपची गरजच आहे का? एका फोनवरून अनेक खातेदारांची पीक पाहणी नोंदवता येते. मित्राला घेऊन बांधावर जा, त्याच्याच फोनवर तुमचं खातं उघडा. ॲप वाटून घेण्यापेक्षा फोन वाटून घेणं पुष्कळदा सोपं पडतं.

जाता जाता : पुष्कळ जुन्या फोनांत अजून शेअरइट आणि झेंडर पडून आहेत. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपच्या यादीत ही दोन्ही होती. काढून टाका. जवळच्या जवळ फोटो-फाइल द्यायला अँड्रॉइडचं 'क्विक शेअर' पुरेसं आहे.

शंका : माझे मित्र कोणती ॲप वापरतात ते प्ले स्टोअरमध्ये दिसेल का? (विद्यार्थी, जोगमोडी)

एके काळी बऱ्यापैकी दिसायचं. गुगलने २०१२ च्या सुमारास प्ले स्टोअरमधले अभिप्राय गुगल प्लसशी जोडले होते. ओळखीच्या माणसाने ॲपबद्दल लिहिलेलं नावानिशी समोर यायचं. गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये बंद पडलं. आज प्ले गेम्समध्ये मित्र जोडता येतात, तेही खेळांपुरतं, आणि मित्राने परवानगी ठेवली असेल तरच. बाकी स्टोअरमध्ये अनोळखी लोकांचे तारे मोजत बसावं लागतं आणि ते तारे विकतही मिळतात. म्हणून मी पाच तारेवाले अभिप्राय वाचतच नाही. एक आणि तीन तारेवाले, गेल्या महिन्या-दोन महिन्यांतले, मराठीत किंवा मोडक्या इंग्रजीत लिहिलेले वाचतो. ते बहुधा खऱ्या माणसाचे असतात.

शंका : माझ्या मामांच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. उघडायला गेले तर काहीतरी इन्स्टॉल झालं आणि पत्रिका दिसलीच नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या नंबरवरून तीच पत्रिका सगळ्यांना गेली. मामा म्हणतात, मी पाठवलीच नाही. खात्यातून अजून काही गेलेलं नाही. (गृहिणी, पेठ)

मामा खरंच बोलताहेत. त्यांच्या फोनमध्येही ती अशीच कोणाकडून तरी आली असणार.

लग्नपत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ. तुम्हाला आलेल्या फाइलीच्या नावाचा शेवट 'एपीके' असा असणार, म्हणजे ते अख्खं ॲप होतं. लग्नसराईत पत्रिका, एरवी वाहनाचं चलान, पीएम किसानचा हप्ता, बँकेचं केवायसी अशा नावांनी हीच वस्तू फिरते. ती बसताना आधी 'अनोळखी ॲप इन्स्टॉल करू द्या' असं विचारते, मग एसएमएस वाचायची परवानगी मागते. ती मिळाली की बँकेचा ओटीपी तुमच्या आधी चोराला दिसतो. तुमच्या नंबरवर व्हॉट्सॲप दुसरीकडे सुरू करण्याचा कोडही त्याला तसाच मिळतो. मग मामांच्या नावाने बोलणारा मामा नसतो. या चोरीत ॲप चांगलं दिसण्याची गरजच नाही, पाठवणारा ओळखीचा दिसला की काम झालं.

तुम्ही आत्ता काय करायचं? आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून यूपीआय आणि कार्ड थांबवा, मग १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. पैसे गेलेले नाहीत म्हणून थांबू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेने सोसायचं असतं. तेव्हा कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक कागदावर लिहून ठेवा.

त्यानंतर फोनच्या सेटिंगमध्ये ॲपची पूर्ण यादी उघडा. हे ॲप पडद्यावरचं आपलं चिन्ह लपवतं, पण यादीत सापडतं. 'काढा' दाबूनही निघत नसेल, तर सेटिंगमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन' शोधून तिथली त्याची परवानगी आधी बंद करा. तरीही नाही निघालं तर फोनमधले फोटो दुसरीकडे उतरवून घेऊन फोन रिसेट करणं हाच उपाय. कॉल दुसरीकडे वळवले गेले असतील, तर ##००२# डायल केल्यावर ते रद्द होतात. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक केलेली डिव्हाइस' बघा आणि 'दोन टप्प्यांतली पडताळणी' सुरू करा. शेवटी ज्यांना ज्यांना पत्रिका गेली त्यांना फोन करा. मेसेज नको, फोनच. तुमच्या नंबरवरच्या मेसेजवर आता त्यांनी विश्वास का ठेवावा?

शंका : माझं मोबाइलचं दुकान आहे. नवीन फोन घेणारा म्हणतो, 'सगळं टाकून द्या.' मी माझ्याच जीमेलने स्टोअर चालू करून ॲप टाकून देतो, वेळ वाचतो. एक जण मला प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे द्यायलाही तयार आहे. यात काही गैर? (दुकानदार, पेठ)

तुमचं पत्र मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं, कारण तालुक्यातलं खरं ॲप स्टोअर तुमचं दुकान आहे.

आधी जीमेलचं. तुमचं खातं ज्या ज्या फोनवर चालू आहे, त्या फोनात सेव्ह होणारे नंबर तुमच्या खात्यात जमा होतात. फोटोंचा बॅकअप चालू असेल तर घरातले फोटोही. 'फाइंड हब' मध्ये (पूर्वीचं 'फाइंड माय डिव्हाइस') गिऱ्हाइकांचे फोन नकाशावर दिसतात. तुम्हाला ते बघायचं नसेल, पण बघता येतं हेच अवघड आहे. शिवाय गिऱ्हाइकाने फोन रिसेट केला की तो आधीच्या जीमेलचा पासवर्ड मागू शकतो. चोरीचा फोन वापरता येऊ नये म्हणून अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून हे कुलूप आहे. तो माणूस कामासाठी निफाडकडे असेल, तर तिथून तुम्हाला फोन लावत बसणार. आणि त्या फोनवरून काही भानगड झाली, तर खात्यावर नाव तुमचं.

दहा मिनिटं जास्त लागतील, पण खातं गिऱ्हाइकाच्याच नावाने, त्याच्याच नंबरवर काढा. पासवर्ड त्याला स्वतःला ठरवू द्या आणि फोनच्या खोक्यात चिठ्ठीवर लिहायला सांगा. खोक्यात पासवर्ड ठेवू नये असं पुस्तकं सांगतात. विसरून जाण्यापेक्षा घरातल्या खोक्यातला कागद बरा, असं माझं मत आहे. आजवर ज्यांच्या फोनवर तुमचं खातं आहे, तिथून ते काढा. गुगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर 'तुमची डिव्हाइस' ही यादी मिळेल. ती बघून तुम्हालाच धक्का बसेल.

इन्स्टॉलमागच्या पैशांचं : नावाजलेल्या कंपन्याही रेफरल देतात, तो व्यवहार उघड असतो. पण तुमच्या शब्दाला किंमत आहे म्हणूनच तो माणूस पैसे देतोय. प्ले स्टोअरमधलं ॲप असेल आणि 'याचे मला पैसे मिळतात' हे गिऱ्हाइकाला सांगायची तयारी असेल, तर घ्या. पेनड्राइव्हवरून फाइल देऊन 'एवढी टाका' म्हणत असेल, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

एक करता येईल. वीजबिल, हवामान, डिजिलॉकर अशा दहा ॲपच्या स्टोअरमधल्या लिंक घ्या, त्यांचे क्यूआर कोड एका कागदावर छापून भिंतीला लावा. गिऱ्हाईक स्वतः स्कॅन करेल आणि ॲप स्टोअरमधूनच येईल.

शंका : बागेवरच्या टोळीत एकाने कर्जाच्या ॲपची लिंक टाकली. कोड टाकला की त्याला आणि मला पैसे. ॲपने फोनबुकची परवानगी मागितली. दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेण्यापेक्षा हे बरं का? (मजूर, दिंडोरीहून)

नाही. मुकादम निदान तुमच्याच गावापर्यंत येतो. असली ॲप फोनबुकमधल्या प्रत्येकाला फोन करून तुमची बदनामी करतात, म्हणूनच ती परवानगी हवी असते. मे २०२३ अखेरपासून प्ले स्टोअरवरच्या वैयक्तिक कर्जाच्या ॲपना फोनबुक आणि फोटो बघायला गुगलने मनाई केली आहे. म्हणजे परवानगी मागणारं ॲप एक तर नियम मोडतंय किंवा स्टोअरबाहेरचं आहे. १ जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर कर्ज देणाऱ्या ॲपची यादी आहे. त्यात नाव नसेल तर विषय संपला. नाव असलं तरी व्याजदर आणि कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव आधी लेखी मागा.

टोळीत रमीच्या लिंकही फिरत असतील. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. त्यात जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे, खेळणाऱ्याला नाही. 'तू चार जण आण, ते चार-चार आणतील' असली कमाई तर १९७८ च्या कायद्यानेच बंद आहे. ॲपमधून केली म्हणून ती वेगळी ठरत नाही.

शंका : बायका मला विचारतात, ताई, कोणतं ॲप घेऊ? लाडकी बहीणच्या नावाची तर दहा आहेत. गटावर काय पाठवू? (अंगणवाडी सेविका, कोहोर)

ताई, फाइल कधीच नाही आणि दुसऱ्याने पुढे ढकललेली लिंकही नाही. स्वतः प्ले स्टोअर उघडा, ॲपच्या पानावरच्या तीन ठिपक्यांतून 'शेअर' दाबा आणि ती लिंक टाका. सोबत एक ओळ स्वतःच्या आवाजात : हे मी वापरते, अमुक कामासाठी. लिखाणापेक्षा आवाज बरा, कारण बायका तुमचा आवाज ओळखतात.

ॲपच्या नावाखाली ते बनवणाऱ्याचं नाव असतं, ते वाचायची सवय लावा. भारतासह काही देशांत गुगलने २०२४ मध्ये अधिकृत सरकारी ॲपना तशी खूण द्यायला सुरुवात केली. तुमच्या पोषण ट्रॅकरच्या पानावर आधी पाहून घ्या, म्हणजे खूण ओळखू येईल. लाडकी बहीणचे अर्ज २०२४ मध्ये 'नारीशक्ती दूत' ॲपवरून भरले गेले, पुढे ते काम तिथे थांबलं. पण नाव लोकांच्या तोंडात राहिलं आणि त्या नावावर इतरांनी दुकानं मांडली. योजनेचं काम सरकारी संकेतस्थळावर किंवा तुमच्यामार्फत, एवढंच बायकांना सांगा.

गटावर एकच ॲप टाकायचं म्हणाल, तर मी 'दामिनी' सांगेन. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं हे ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या परिसरात वीज पडण्याचा इशारा देतं. लोकेशनची परवानगी द्यावी लागते आणि इशारा पोचायला रेंज लागते. म्हणून प्रत्येकीच्या फोनात ते असण्यापेक्षा, आवणीला एकत्र जाणाऱ्या बायकांपैकी जिच्या सिमला त्या शिवारात रेंज मिळते, तिच्या फोनात आधी टाकून द्या. आवाज मोठा ठेवायला सांगा आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत बांधावर.