नातं आधी कागदावर येऊ दे

अगं, एवढं काय घाबरून जायचं? कॅपचं, म्हणजे उत्तरपत्रिका तपासायचं, बोलावणं आलं, सोबत घोषणापत्र आलं, आणि त्यात विचारलंय की तुझं कुणी जवळचं नातेवाईक या परीक्षेला बसलंय का. तुझी नणंद बसलीय. म्हणून तू दोन दिवस नीट जेवलेली नाहीस. बघ, आधी जेव, मग हे वाच.

खरं सांगू का, नणंद परीक्षेला बसली यात तुझी काहीच चूक नाही. आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा पसारा जळगाव, धुळे, नंदुरबार असा तीन जिल्ह्यांचा. 1990 साली पुणे विद्यापीठातून वेगळं झालं तेव्हापासून इथली पोरं इथेच शिकतात आणि त्यातलीच काही पुढे इथेच शिकवतात. आपली सोयरीकही ह्याच टापूत. असोद्याची लेक भादलीला दिलेली, तिची जाऊ रावेरची, मावसभाऊ धुळ्यात. अशा ठिकाणी विद्यापीठात नोकरी करणाऱ्या बाईचं कुणीच परीक्षेला बसणार नाही, असं होईल का कधी? नियम करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच तर ते घोषणापत्र छापलेलं असतं. नातं असायला कुणाची हरकत नाही गं. ते दडवून त्याच टेबलाशी बसून राहायला आहे.

म्हणून त्या कागदावर सरळ लिही: माझी नणंद अमुक अभ्यासक्रमाला, अमुक कॉलेजातून बसली आहे, तरी त्या विषयाचं काम मला देऊ नये. फार तर काय होईल, या वेळेला तुला त्या विषयातून मोकळं करतील. थोडं मानधन बुडेल. बुडू दे.

तू म्हणशील, ताई, उत्तरपत्रिकेवर नाव कुठे असतं? नसतं, मान्य. पण जिच्या वह्या तू घरी जेवणाच्या टेबलावर रोज बघतेस तिचं अक्षर तुला ओळखू येणार नाही होय? आणि पंगतीत वाढणारी आपली असली की हात आपोआप सैल होतो, तिला स्वतःलाही कळत नाही. तुझा हात सैल झाला नाही, तू अगदी काटेकोर तपासलंस, तरी उद्या नणंद पहिली आली तर? तिने रात्री जागून मिळवलेल्या गुणांवर गावभर बोट ठेवलं जाईल, आणि तो आरोप खोडून काढायला तुझ्याजवळ एकही कागद नसेल. तिच्यासाठी तरी बाजूला हो.

ही गोष्ट किती लांब जाऊ शकते ते सांगते. तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस. 1985 ची मुंबई विद्यापीठाची एम.डी.ची परीक्षा. शिवाजीराव पाटील निलंगेकर मुख्यमंत्री होते आणि त्यांची मुलगी त्या परीक्षेला बसली होती. तिच्या गुणांत फेरफार झाल्याची तक्रार एका डॉक्टरने मुंबई उच्च न्यायालयात नेली. न्यायालयाने कडक ताशेरे ओढले आणि मार्च 1986 मध्ये निलंगेकरांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. एका विद्यापीठाच्या गुणपत्रकापायी राज्याच्या मुख्यमंत्र्याची खुर्ची गेली, बघ. तिथे आपल्यासारख्या साध्या मास्तरणीची काय कथा!

आणि 'मी कुठे सरकारी अधिकारी आहे' असं मनात आणू नकोस. 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लोकसेवक कोण याची यादी आहे. त्यात कुलगुरू आहेत, प्राध्यापक आहेत, विद्यापीठाचा कुठल्याही हुद्द्याचा कर्मचारी आहे. इतकंच नाही, परीक्षेच्या कामापुरती विद्यापीठाने जिची सेवा घेतली, ती बाहेरची बाईसुद्धा त्यात येते. म्हणजे दोन दिवस प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला गेलीस, तरी ते दोन दिवस तू लोकसेवक. हे तुला घाबरवायला सांगत नाही. आपण कुठल्या जागी बसलोय ते माहीत असलं की निम्मे गोंधळ होतच नाहीत.

परीक्षेपेक्षा अवघड आहे ते आपलं गाव. 2018 मध्ये विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं, असोद्याच्या लेकीचं. आपली छाती अभिमानाने फुगली, फुगायलाच हवी होती. पण त्याच गावाची दुसरी लेक तिथे नोकरीला लागली म्हटल्यावर लोकांच्या मनात वेगळंच येतं. 'आपली पोरगी विद्यापीठात आहे.' मग कुणाचा पुतण्या एका विषयात अडकलेला, कुणाच्या सुनेला पीएच.डी.ला गाईड हवा, कुणाला शिपायाची जागा निघणार असल्याची कुणकुण. सगळे चहाला येणार. माणसं वाईट नाहीत गं, त्यांना मार्ग ठाऊक नसतो म्हणून ओळख शोधतात.

तर तू त्यांना मार्ग सांग. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. माहितीच्या अधिकारात विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये दिलाय. अर्ज कुठे मिळतो, मुदत कधी संपते, फी कुठे भरायची, हे तू तास न् तास समजावून सांग, अर्ज भरूनही दे. जे परक्या मुलाला सांगशील तेच पुतण्याला सांगायचं, इतकं सोपं आहे ते. निकाल विभागात फोन मात्र करायचा नाही. 'जरा बघा ना' एवढंही म्हणायचं नाही. सासूबाईंनी आग्रह केला तर सरळ म्हण, 'आई, मी शब्द टाकला तर त्याच्या मार्कांवर डाग पडेल आणि माझ्या नोकरीवरही.' एकदा रुसतील. दुसऱ्यांदा त्याच पाहुण्यांना समजावतील, बघशील तू.

आता वांग्यांचं. थंडीत कुणी ना कुणी भरताच्या वांग्यांची पिशवी आणून ठेवणारच, रावेरकडचा कुणी केळीचा घड टाकून जाणार. घ्यायचं की नाही? माझं गणित असं: देणाऱ्याचं काही काम तुझ्या हाताखालून जातंय का, हे आधी बघ. जात नसेल तर भाऊबंदकीतलं देणंघेणं चालू दे, आपण माणसांतून उठायचं नाहीये. जात असेल, म्हणजे त्याची मुलगी तुझी विद्यार्थिनी असेल, त्याचं बिल तुझ्या सहीला असेल, तर हात जोडून परत. केंद्र सरकारच्या 1964 च्या वर्तणूक नियमांत एखाद्या वेळचं साधं जेवण किंवा गाडीतून सोडणं ही भेट धरलेली नाही. पण ज्यांच्याशी कामाचा संबंध आहे त्यांचा वारंवार किंवा थाटाचा पाहुणचार टाळा, असंही तिथेच सांगितलंय. तुझ्या विद्यापीठाचे स्वतःचे परिनियम आहेत, ते आस्थापना विभागातून मागून घे आणि वाच. पण मनाला मोजपट्टी म्हणून केंद्राचे हे नियम फार बरे पडतात. सगळ्या विभागासोबत शेतात भरीत पार्टीला गेलीस, कळण्याची पुरी खाऊन आलीस, तर काही बिघडत नाही. तीच पार्टी दर महिन्याला प्रयोगशाळेचं सामान पुरवणारा देत असेल, तर तू घरी थांब.

सामानावरून आठवलं. तुझ्या भाऊजींचं जळगावात कॉम्प्युटरचं दुकान आहे ना? उद्या विभागात संगणक घ्यायचे ठरतील, तुला खरेदी समितीवर घेतील, आणि घरात कुणीतरी म्हणेल, 'अगं, बाहेरच्याला कशाला, आपलं दरपत्रक टाकू की.' इथे फार जपून. त्या 1964 च्या नियमांत हेही आहे, की ज्या व्यवसायात घरचं माणूस आहे त्याचं प्रकरण स्वतः हाताळायचं नाही, ते वरिष्ठांकडे सोपवायचं. तेव्हा भाऊजी दरपत्रक देणार असतील तर तू समितीत नको, आणि समितीत राहणार असशील तर भाऊजी नकोत. दुसऱ्या दोन दुकानांची दरपत्रकं त्यांनीच गोळा करून आणली, असला प्रकार तर अजिबातच नको.

बैठकीत फक्त त्या विषयापुरतं उठून बाहेर जाऊन येते, चालेल का, असं तू विचारशील. नेहमी चालत नाही गं. 1969 चा क्रायपाक खटला आहे. जम्मू-काश्मीरमध्ये भारतीय वनसेवेसाठी निवड चालली होती आणि निवड मंडळावरचा एक अधिकारी स्वतःच उमेदवार होता. स्वतःच्या नावाची चर्चा निघाली तेव्हा तो बसला नाही, पण प्रतिस्पर्ध्यांची नावं आली तेव्हा बसला. सर्वोच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली. इतरांना खाली ठेवलं की आपण वर जातो, हे कुणालाही दिसतं. भाऊजींचं दरपत्रक आलं की तू बाहेर, आणि बाकीच्या दुकानांच्या दरपत्रकांतल्या उणिवा काढायला आत, असं झालं तर ते तसंच.

पुस्तकाचंही तेच. तुला लिहायची हौस आहे, छान आहे, लिही. पण अभ्यास मंडळावर गेलीस तर तुझं पुस्तक संदर्भयादीत घालायची चर्चा तू करू नकोस. ओरिसात शाळा-कॉलेजांच्या ग्रंथालयांसाठी पुस्तकं निवडणाऱ्या समितीवर काही लेखकच बसले होते. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अयोग्य ठरवलं. आपल्या पुस्तकाच्या वेळी बाहेर जाऊनही भागत नाही, कारण आज मी तुझं उचलून धरते, उद्या तू माझं, हे मनात चालूच असतं.

शिकवणीचं मी तुला थोडक्यात सांगते, कारण तिथे वादाला जागाच नाही. संध्याकाळी क्लास घ्यायचा विचार डोक्यातून काढून टाक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांतली आचारसंहिता खासगी शिकवण्यांपासून दूर राहायला सांगते, आणि आपल्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे क्लास चालवणाऱ्याला प्राधिकरणाचं सदस्यही होता येत नाही. घराचा हप्ता आहे, मला माहितीये. सल्लागाराचं काम, प्रकल्प, व्याख्यानं यांना लेखी परवानगी घेऊन जाता येतं. आधी परवानगी, मग काम. 'नंतर टाकू अर्ज' म्हणणारे सहकारी भेटतील, त्यांचं ऐकू नकोस.

तर आजचं काम एवढंच. एक कोरा कागद घे. वर तारीख, खाली विषय, मग चार ओळी: नणंदेचं नाव, तुमचं नातं, तिची परीक्षा, आणि तुझी विनंती. कारणं लांबवू नकोस, माफी मागू नकोस, तू काही केलेलं नाहीस. घोषणापत्राला तो जोड, दोन प्रती काढ, आणि आवक विभागात तुझ्या प्रतीवर शिक्का मारून घेतल्याशिवाय हलू नकोस. तोंडी सांगितलेलं कुणाला आठवत नाही, साहेब बदलले की मग तर मुळीच नाही. शिक्क्याची प्रत घरच्या फाइलीत, नेमणुकीच्या पत्राच्या मागे लाव. नणंदेलाही दाखव, म्हणजे तिला कळेल की वहिनीने अंग चोरलं नाही, तिचीच पाठराखण केली. मसुदा झाला की रात्री मला पाठव, मी वाचून देते. भाऊजींशी दुकानाचं बोलणं मात्र तूच कर, आणि ते खरेदी समितीचं नाव निघायच्या आधी कर.