नोकरीतली डॉक्टरेट आणि आपला वर्ग

पीएच.डी. सगळ्यांना माहीत आहे. परदेशात तिच्या जोडीला आणखी एक पदवी असते, व्यावसायिक डॉक्टरेट. शिक्षकांसाठी ती एड.डी. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने ती १९२० च्या सुमारास सुरू केली, ब्रिटनमध्ये ती १९९० नंतर रुळली. पीएच.डी. विचारते, ज्ञानात नवी भर काय पडली? एड.डी. तेही विचारते आणि वर म्हणते, तुमच्या कामात काय बदललं ते दाखवा.

आपल्याकडे अशी वेगळी पदवी फारशी दिसत नाही. सातारा-सांगलीचा शिक्षक बहुधा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे वळतो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते, कार्यालयाचं ना-हरकत पत्र मात्र लागतं. मुदत किमान ३ वर्षं, कमाल ६. पहिलीतलं पोरगं सातवीच्या उंबरठ्यावर येतं तेवढा काळ! मग विषय आपल्याच शाळेतला का नको?

उदाहरण घेऊ. कराडजवळ रेठरे, वाळव्यात साखराळे, सगळा कारखान्यांचा पट्टा. दिवाळीच्या आगेमागे बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात, कोप्या पडतात आणि वर्षाच्या मध्येच चार-सहा मुलं वर्गात येऊन बसतात. मार्च-एप्रिलात ती जातात. यावर 'ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या संपादणुकीचा अभ्यास' असं शीर्षक घेतलं की प्रश्नावली, टक्केवारी, बांधणी, झालं काम. प्रबंध कपाटात जातो. त्याऐवजी प्रश्न असा धरा : नव्या मुलाला पहिल्या पंधरा दिवसांत काय दिलं तर तो शाळेत टिकतो?

पहिल्या हंगामात फक्त नोंदी ठेवायच्या. हजेरी, वाचन, कोणत्या दिवशी का आला नाही. दुसऱ्या हंगामात पद्धत बदलायची. तिसऱ्यात ती सुधारून पुन्हा करायची. बी.एड.ला आपण महिनाभराचं कृती संशोधन करतो, त्यात हे बसतच नाही, कारण हंगाम वर्षातून एकदाच येतो. डॉक्टरेटची लांबलचक मुदत इथे खरी उपयोगी पडते.

अडचणही आहे. शिकवणारे आपण, मोजणारेही आपणच. पोरं गुरुजींना आवडेल तेच बोलतात. म्हणून वाचनाची चाचणी शेजारच्या शाळेतल्या सहकाऱ्याला घ्यायला सांगावी. पालकांची परवानगी मुकादमाला विचारून मिळत नाही. आई पहाटेच फडावर गेलेली असते, तेव्हा संध्याकाळी कोपीवर जाऊनच बोलावं लागतं.

आणि निष्कर्ष मार्गदर्शकापाशी थांबू नयेत. केंद्राच्या शिक्षण परिषदेत ते मांडा, तिथे बसलेल्या बाईंच्या वर्गातही अशीच दोन मुलं असतील. टोळी परत निघते तेव्हा आपण शिक्षण हमी कार्ड देतो, त्यासोबत या मुलाला काय येतं, कुठे अडतो आणि कशाने पुढे सरकला हे एका पानावर लिहून दप्तरात ठेवा. गावाकडच्या शिक्षकाला तिथून पुढे शिकवायचं असतं.