गिळलेली वस्तू शरीरात कोणत्या वाटेने जाते?

सहा महिने ते तीन वर्षे या वयातील बालक हाती लागेल ती वस्तू तोंडात घालून पाहते. नाणे, मणी, चिंचोका, शेंगदाणा, खेळण्यातील चपटा सेल अशा वस्तू त्यामुळे सहज घशात जातात. त्यानंतर काय होईल, हे मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते : वस्तू कोणत्या वाटेने गेली आणि ती कोणती आहे. बालक शांत झाले, एवढ्यावरून धोका टळला असे मानू नये.

दोन वाटा

घशाच्या खालच्या भागापासून दोन नलिका निघतात. पुढची श्वासनलिका फुप्फुसांकडे जाते, मागची अन्ननलिका जठराकडे. घास गिळताना श्वासनलिकेचे तोंड आपोआप झाकले जाते. खाताना बालक हसले, रडले किंवा धावले, तर ही क्रिया चुकते आणि वस्तू श्वासमार्गात शिरते.

श्वासमार्गात गेल्यास

प्रथम जोराचा ठसका लागतो. वस्तू मोठी असल्यास श्वास पूर्ण कोंडतो. लहान असल्यास ती श्वासनलिकेच्या एखाद्या शाखेत उतरते; उजवी शाखा अधिक रुंद व सरळ असल्याने बहुधा त्याच बाजूला. तेथे ती स्थिरावली की ठसका थांबतो, परंतु वस्तू आतच राहते. काही दिवसांनी खोकला, घरघर, ताप किंवा न्यूमोनिया उद्भवतो. शेंगदाणा, चणा यांसारखे पदार्थ साध्या क्ष-किरण चित्रात सहसा दिसत नाहीत. म्हणून खाताना ठसका लागला होता, ही माहिती डॉक्टरांना अवश्य सांगावी.

अन्नमार्गात गेल्यास

अन्ननलिकेत काही जागा अरुंद असतात : तिच्या सुरुवातीला, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीजवळ आणि जठराच्या तोंडाशी. नाणे अडकते ते बहुधा सर्वांत वरच्या जागी. अशा वेळी लाळ गळणे, गिळताना दुखणे, अन्न नाकारणे ही लक्षणे दिसतात. काही बालकांत मात्र एकही लक्षण दिसत नाही.

जठरात पोहोचलेल्या गुळगुळीत, लहान वस्तू बहुतेक वेळा आतड्यांतून पुढे सरकत शौचावाटे बाहेर पडतात. त्यास साधारणतः चार ते सहा दिवस, क्वचित तीन-चार आठवडेही लागतात. या काळात नेहमीचा आहार द्यावा व शौच तपासावे. पोटदुखी, वारंवार उलटी, पोट फुगणे, ताप, काळे किंवा रक्तमिश्रित शौच यांपैकी काहीही आढळल्यास तत्काळ रुग्णालयात जावे.

थांबून पाहू नये अशा वस्तू

• चपटा (बटन) सेल : तो अन्ननलिकेत अडकल्यास ओलसर अस्तरातून विद्युतप्रवाह वाहतो व तीव्र क्षार तयार होतो. दोन तासांच्या आत खोल भाजू शकते. वापरून संपलेला सेलही घातक ठरतो.
• एकाहून अधिक चुंबक : आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांतून ते एकमेकांकडे ओढले जातात, मधले आतडे चिमटून त्यास छिद्र पडते.
• टाचणी, सुई, पिन व अन्य टोकदार वस्तू : यांमुळे अन्नमार्गास इजा होण्याचा धोका असतो.

यांपैकी काही गिळल्याची केवळ शंका असली, तरी बालकास त्वरित मोठ्या रुग्णालयात न्यावे. तशाच प्रकारची दुसरी वस्तू किंवा सेलचे वेष्टन घरी असल्यास सोबत घ्यावे.

श्वास कोंडल्यास

बालक जोराने खोकत असेल, तर त्यास खोकू द्यावे. आवाज फुटत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर एकाने १०८ किंवा ११२ वर संपर्क साधावा आणि दुसऱ्याने लगेच पुढील कृती करावी.

• एक वर्षाखालील बालक : हातावर पालथे, डोके खाली ठेवून पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा द्याव्यात. नंतर उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाब द्यावा.
• एक वर्षावरील बालक : पुढे वाकवून पाठीवर पाच थापा द्याव्यात. नंतर पाठीमागून धरून बेंबीच्या किंचित वर आत व वरच्या दिशेने पाच झटके द्यावेत.

वस्तू निघेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. बालक बेशुद्ध झाल्यास कृत्रिम श्वास व छातीवर दाब देणे सुरू करावे.

हे करू नये

• घशात अंदाजाने बोट घालू नये. वस्तू आणखी खोल जाते.
• मीठपाणी पाजून उलटी करवू नये.
• वस्तू उतरावी म्हणून केळे, भाताचा गोळा किंवा एरंडेल देऊ नये.

प्रतिबंध

पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे, चणे किंवा सुकामेवा देऊ नये. कुटून किंवा वाटून द्यावा. मुलांना बसवूनच खाऊ घालावे. खेळणी व रिमोट यांच्या सेलच्या कप्प्याचे झाकण स्क्रूने घट्ट बसवावे. जुने सेल उशाशी, खिडकीत किंवा खणात साठवू नयेत. ही माहिती घरातील आजी-आजोबांना व मूल सांभाळणाऱ्या प्रत्येकास वाचून दाखवावी.