यादीत मावशींचं नाव हवं

मी डायलिसिस विभागात इन्चार्ज सिस्टर आहे. आमचा पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा येतो, चार-चार तास शेजारच्या पेशंटपासून हाताच्या अंतरावर पडून असतो, आणि त्याची प्रतिकारशक्ती आधीच खालावलेली असते. धडधाकट माणूस चार दिवसांत ज्यातून उठतो, तोच फ्लू त्याला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो.

मी पूर्वी ज्या रुग्णालयात होते, तिथे पावसाळ्याआधी फ्लूची लस आली, पण ती डॉक्टर आणि कायम नर्सेसपुरती. मावशी, वॉर्डबॉय, सफाई कामगार कंत्राटदाराचे. त्यांच्या लसीचा खर्च कोणी करायचा, याची पत्रं टेबलावरून टेबलावर फिरत राहिली. ऑगस्टमध्ये एका मावशींचा घसा धरला, अंग ठणकू लागलं. पॅरासिटामॉल घेऊन त्या कामावर आल्या, कारण खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे कापले जातात. चादरी बदलणं, पेशंटला हाताला धरून वजनकाट्यावर उभं करणं, सगळं त्यांच्याकडेच. आठवडाभरात काही पेशंट खोकू लागले. एका आजोबांना आयसीयूत हलवावं लागलं; तपासणीत एच१एन१ निघाला. आजोबा वाचले, पण पुन्हा आपल्या पायांनी चालत यायला त्यांना फार दिवस लागले.

संसर्ग नेमका कोणाकडून आला, हे छातीठोकपणे कोणालाच सांगता आलं नसतं. तरीही बैठकीत बोट मावशींकडे गेलं, ते मला आजही सलतं. त्यांना लस मिळाली नव्हती आणि पगारी रजाही नव्हती. या दोन्ही गोष्टी त्यांच्या हातातल्या नव्हत्या.

‘बरं नसेल तर येऊ नका’ एवढ्यावर भागत नाही. लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासूनच हा विषाणू पसरू लागतो. 2009 साली पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला, तेव्हा आपल्या हाती त्याची लस नव्हती. आज आहे.

ती दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो आणि लसही त्याप्रमाणे बदलली जाते. महाराष्ट्रात पावसाळ्यात फ्लू वाढतो आणि लस अंगी लागायला सुमारे दोन आठवडे जातात. म्हणून मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला टोचून घ्या. ‘लसीनेच फ्लू होतो’ हे मी प्रत्येक वर्षी ऐकते. इंजेक्शनच्या लसीत जिवंत विषाणू नसतो. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण वाटते, इतकंच. गरोदर सिस्टरनाही ती घेता येते, त्यांनी तर घ्यावीच. पूर्वी एखाद्या लसीची तीव्र अ‍ॅलर्जी आली असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा.

लस घेतली म्हणून मास्क सुटत नाही. लस विषाणूशी चांगली जुळते त्या वर्षीही आजाराचा धोका साधारण 40 ते 60 टक्क्यांनीच कमी होतो. पण पेशंटच्या इतक्या जवळ काम करणाऱ्यांसाठी तेवढंही फार मोलाचं आहे.

माझ्यासारख्या इन्चार्ज सिस्टरना आणि प्रशासनातल्या मंडळींना कळकळीची विनंती: मे महिन्यात लसीची यादी कराल, तेव्हा कंत्राटी माणसांची नावं आधी लिहा. आणि तापाने फणफणलेल्या माणसाला घरी पाठवलंत, तर त्याचा खाडा लावू नका.